मांडवातलं जांभळं ठिगळ

“सांगून उपयोग नाही. धाडपासून देऊळगाव राजापर्यंत एकाचाही इस्वास बसणार नाही,” उत्तमराव म्हणाले आणि निखाऱ्यातला रोडगा काठीनं उलटा केला. “पण काल दुपारी गणेशची माय त्या सभेत उभी राह्यली, अन् मांडव खाली बसला. आपल्या मर्जीनं बसला. म्हातारा बैल बसते ना, आधी पुढचे गुडघे, मंग मागचे, तसा.”

“दादा, मी तठीच होतो,” गजेंद्र म्हणाला.

“म्हणूनच तुले दिसलं नाही. तू स्टेजवर होता. मांडव बसतानी खालून पाहा लागते.”

आंब्याखाली टेकलेली मंडळी हसली. गजेंद्रही हसला, पण अर्धाच.

उत्तमरावांच्या बोलण्यात खरं किती आणि पदरचं किती, हे घरात कोणी विचारत नसे. त्यांच्या विहिरीला तळ नव्हता. त्यांच्या बैलानं एकदा जालन्याची एसटी मागे टाकली होती. आणि त्यांनी जन्मात खाल्लेल्या जिलेब्या एकापुढे एक मांडल्या, तर बुलढाण्याचा घाट उतरून मलकापूरच्या स्टेशनात शिरल्या असत्या. ऐकणाऱ्यानं हसावं, आणखी एक चहा मागावा आणि उठावं, एवढीच त्यांची अपेक्षा. आजचा मामला मात्र वेगळा होता. आज समोर गजेंद्र बसला होता, सख्खा धाकटा भाऊ, आणि तो नुसता रोडगे खायला आलेला नव्हता.

प्रचार काल थांबला होता. आता मतदान व्हायचं तेवढं बाकी. प्रचार संपला की मळ्यात रोडगे करायचे आणि पहिला मारोतीला ठेवायचा, असा नवस उत्तमरावांचा मुलगा गणेश बोलला होता, म्हणून सकाळपासून गोवऱ्या पेटल्या होत्या. गणेशची बायको पुष्पांजली जिल्हा परिषदेला उभी होती. अपक्ष. निशाणी शिलाई मशीन. आणि गजेंद्र होता कपबशीवाल्यांच्या स्टेजवर, त्यांच्या पुढाऱ्याच्या मांडीला मांडी लावून. तरी जेवायला आला होता. “राजकारण राजकारणाच्या जागी, रोडगे रोडग्याच्या जागी,” असं म्हणत त्यानं चप्पल काढली होती, आणि त्याची बायको मंजुश्री वांगी चिरायला विहिरीकडं गेली होती.

तिथंच, विहिरीच्या काठावर, उत्तमरावांची बायको शालूबाई, गणेशची माय, चुलीवरच्या वरणाच्या गंजापाशी बसली होती. शेजारी पुष्पांजली कणीक मळत होती. उत्तमरावांनी तिकडं एक डोळा टाकला. अंतर बरं होतं. वारं उलट्या दिशेचं होतं. आवाज तिथवर जाणार नाही, असा त्यांनी अंदाज बांधला.

“पण वहिनी तिथं गेल्या काऊन, हे तं सांगा,” गजेंद्र म्हणाला. “भाऊकीसमोर त्या काय बोलल्या होत्या, ते मी काही इसरलो नाही.”

इसरण्यासारखं नव्हतंच ते. पुष्पांजली माहेरी देऊळगाव राजाला गेली होती. तिथं तिनं बालाजीचं दर्शन घेतलं आणि गणेशला बोलावून परस्पर बुलढाण्याला जाऊन अर्ज भरला. घरी सांगितलं नाही. शालूबाईला ही गोष्ट कळली ती गजेंद्रच्या तोंडून, तीही बारशाच्या पंगतीत, सगळ्या भाऊकीदेखत. हातातला घास तिनं ताटात ठेवला होता.

“अर्ज भरतानी मी आठवली नाही ना? मंग आता बी नको आठवू म्हणा. माझ्या पाया पडाले येईल, तवाच मी तिच्या सभेत पाय ठेवीन. त्याच्याआधी नाही.”

निरोप पोचला. सूनही काही मऊ मातीची नव्हती. “आत्याबाईच्या पाया मी रोज पडते,” ती म्हणाली, “पण मतासाठी पडली, असं कोणी म्हणाले नको. निवडणूक झाली का पडीन.”

झालं. तेव्हापासून दोघी एका घरात राहून उत्तमरावांच्या मार्फत बोलायच्या. “तिले म्हणा, दूध उतू चाललं.” “आत्याबाईले म्हणा, पाह्यलं म्या.” आणि दूध तोवर चुलीत. हे घरातलं भांडण गजेंद्रनं उचलून कपबशीवाल्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते गावोगाव वाजवलं. जिची सासू तिच्या संग नाही, तिच्या संग तुम्ही काऊन? बायांच्या मनात हे बरोबर रुतून बसायचं. गणेशची झोप उडाली होती ती याच प्रश्नानं.

“बाजाराले चाललो होतो आम्ही,” उत्तमराव म्हणाले. “मिरच्याले.”

हे खरं होतं. म्हणजे तोंडानं तरी खरं होतं. काल सकाळी शालूबाई म्हणाली होती, मिरच्या संपल्या, धाडचा बाजार करून येऊ. पण ती ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढून नेसली, तेव्हाच उत्तमरावांना शंका आली. जीपमध्ये बसल्यावर तिच्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावली.

“मिरच्याले नारळ लागते काय व?”

“गप बसा. मांडवात रिकाम्या हातानं जात नसतात.”

“मांडवात? आपण तं मिरच्याले चाललो.”

“आत नाही जाणार मी. कनातीच्या बाहेरून ऐकीन. माझ्या जन्मात मी सभा पाह्यली नाही. लग्नं पाह्यली, कीर्तनं पाह्यली. ही पोरगी तठी उभी राहून काय बोलते, ते पाहा लागते का नाही?” मग खिडकीबाहेर तोंड करून ती म्हणाली, “अन् चुकून गेलीच आत, तं रिकामा हात बरा दिसते काय?”

सभेला जायची उत्तमरावांचीही ती पहिलीच वेळ होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाहीत. गावाचा समज असा होता की त्यांनी एका सभेत भाषण विसरलेल्या पुढाऱ्याला पुढचं वाक्य पुरवलं होतं.

धाडला त्या दिवशी दोन मांडव पडले होते. एक एसटी स्टँडजवळ बाजाराच्या मैदानात, दुसरा नाल्यापलीकडं शाळेच्या पटांगणात. दोन्ही फकीर मोहम्मदचे. पंचक्रोशीत मांडव म्हटलं की फकीर मोहम्मद, मग लग्न असो की उरूस.

“यात माझी काय खता नाही, पाटील,” फकीर मोहम्मद आत्ता निखाऱ्यापलीकडून म्हणाला. तोही जेवायला होता. “मी म्हटलं, आपल्या घरची बहू उभी हाय. तिले नवा मांडव देऊ. कोरी कनात, सुरतचा कपडा. जुना कपबशीवाल्याइले देला. मले काय मालूम, भाभी कपडा पाहून बसतीन!”

पण शालूबाई कपडा पाहूनच बसली. कारण त्या जुन्या मांडवाला वर, बरोबर मधोमध, एक जांभळं ठिगळ होतं. गणेशच्या लग्नाच्या दिवशी वावटळ आली आणि मांडवाचं छत फाटलं. भोकातून ऊन नेमकं बोहल्यावर पडायला लागलं. फकीर मोहम्मदची बायको अजीजुन्निसा सुईदोरा घेऊन धावली, पण जोडायला कापड नव्हतं. तेव्हा शालूबाईनं आपलं जांभळं लुगडं, स्वतःच्या लग्नातलं, ट्रंकेतून काढलं आणि टर्रकन फाडलं. “नवरीच्या डोक्यावर ऊन नको,” एवढंच म्हणाली. पुढं फकीर मोहम्मदनं ते ठिगळ कधी बदललं नाही. घरचं कोणतंही कार्य असो, शालूबाई आधी मान वर करून ते पाहायची आणि मगच बसायची.

काल तिनं मैदानात मान वर केली. जांभळं ठिगळ दिसलं.

“हाच आपला मांडव,” ती म्हणाली.

“बाहेरून ऐकायचं होतं ना?”

“मागच्या खुर्चीवर बसते. तिले दिसणार नाही.”

पण सभेत म्हाताऱ्या जोडप्याला कोण मागं बसू देतो? गळ्यात रुमाल घातलेल्या एकानं “या माय, या बाबा” करत दोघांना थेट पहिल्या रांगेत आणून बसवलं. शालूबाईला ते सगळंच आवडलं. डोक्यावर पंखे, हातात थंड पाण्याची पिशवी, आणि एवढी माणसं असून ढकलाढकली नाही.

“पोरीनं बंदोबस्त मस्त केला हो,” ती उत्तमरावांच्या कानात म्हणाली. “बायाइले बी खुर्च्या देल्या. लग्नात तं आपण चटईवर बसलो होतो.” तिनं पिशवी मांडीवर नीट ठेवली. नारळ आत असल्याची हातानं चाचपून खात्री केली.

मग स्टेजवर गजेंद्र आला. त्याच्यामागं कपबशीचा मोठा फलक आला. उत्तमराव खुर्चीतून अर्धे उठले.

“आता उठून जाणं बरं दिसते काय?” शालूबाई पुटपुटली. “जेवायच्या आधी पंगतीतून उठल्यासारखं.”

आणि ती बसून राहिली.

“मी तुमाले पाह्यलं,” गजेंद्र म्हणाला. “मले वाटलं, वहिनी आमच्या बाजूनं आल्या. मीच त्या बाहेरून आलेल्या वक्त्याच्या कानात सांगितलं, का सासू पुढं बसेल हाय.”

“अन् त्यानं तोफ डागली,” उत्तमराव म्हणाले.

खरोखरच डागली. बाहेरून आणलेला माणूस, आवाज मोठा, कुर्त्याला कडक इस्तरी. तो म्हणाला, “मायबहिणींनो, ज्या सुनेच्या डोक्यावर स्वतःच्या सासूची सावली नाही, ती उद्या तुमच्या डोक्यावर काय सावली धरणार?”

टाळ्या पडल्या. उत्तमरावांनी बायकोकडं पाहिलं. ती खाली पाहत होती, आपल्या मांडीकडं. वरून ऊन ठिगळातून गाळून येत होतं आणि तिच्या ठेवणीतल्या लुगड्यावर, पिशवीवर, हातांवर जांभळा उजेड पडला होता. तिनं हात उजेडात धरला. उलटा केला. सुलटा केला. आणि उभी राहिली.

इथं आंब्याखाली उत्तमरावांचा आवाज बदलला. गमतीचा सूर गेला. “गजेंद्रा, साठ वर्षं होतील मी त्या बाईले ओळखतो. पाहुणे आले तं ती दाराआडून बोलते. काल तिनं माइक मागितला नाही, लेका. तिले लागलाच नाही.”

“ओ भाऊ,” शालूबाई म्हणाली होती. “सासू मी हाय.”

वक्त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

“माझी सावली नाही म्हणता? वर पाहा. ते जांभळं दिसते ना, ते माझं लुगडं हाय. माझ्या लग्नातलं. सुनेच्या डोक्यावर ऊन पडू नये म्हणून तिच्या लग्नात म्या फाडलं. आज तिच्या वाटणीच्या सावलीत तुम्ही उभे हा, अन् तिलेच नावं ठेवता?”

अख्ख्या सभेनं माना वर केल्या. पुढारी वर पाहत होते, बंदोबस्ताचे पोलीस वर पाहत होते, बाजारातला भजेवाला झारा हातात धरून वर पाहत होता. कोणीतरी बाई खुदकन हसली. मग दुसरी. मग मागच्या रांगांतून टाळ्या आल्या, आणि त्या वक्त्यासाठी नव्हत्या.

“अन् मांडव बसला,” उत्तमराव म्हणाले.

“एक खांब हलला,” फकीर मोहम्मद म्हणाला. “पोट्टे चढले होते पाहाले.”

“खांब हलला, म्हणजे सुरुवात झाली ना बे!”

शालूबाई पिशवी उचलून नाल्यापलीकडच्या शाळेकडं निघाली. तिच्यामागं बाया उठल्या. उत्तमरावांच्या मते मैदान रिकामं झालं आणि पंख्यांना वारा घालायला माणूस उरला नाही. गजेंद्रच्या मते चार-दोन रांगा उठल्या. पण दुसऱ्या रांगेतून त्याची मंजुश्री उठली होती, हे मात्र त्यानं स्वतःच सांगितलं. जमिनीकडं पाहत सांगितलं.

“नाल्याच्या पुलावरून वापस बोलावलं मी तिले,” तो म्हणाला. “आली. पण कालपासून माझ्याशी बोलली नाही.”

“तुझ्या घरी दूध उतू गेलं का नाही अजून?” उत्तमराव म्हणाले, आणि गजेंद्रला या खेपेला पुरतं हसू आलं.

पण तो हलला नाही. उलट पुढं सरकून बसला.

“आता खरं सांगा, दादा. पुलाच्या पुढचं मी पाह्यलं नाही. मंजुश्रीनं बी नाही. बाजारात दोन्ही ऐकाले भेटते. कोणी म्हणते, सून खाली उतरून पाया पडली. कोणी म्हणते, सासूच वर गेली. मोबाइलवर आलं ते पाह्यलं, त्याच्यात नुसत्या बायांच्या पाठी दिसतात. भाऊकी मले इचारून राह्यली. वहिनीनं सगळ्यांसमोर शब्द देल्ता. त्या शब्दाचं काय झालं?”

शेवटी गाडी इथं येऊन थांबली. उत्तमरावांनी निखारे सारखे केले. सासू सुनेच्या स्टेजवर स्वतःहून चढली असं भाऊकीत गेलं, की ज्या पंगतीत ती बोलली होती तशा प्रत्येक पंगतीत तिला ते कोणीतरी वाढणार. शालूबाईनं आपला शब्द गिळला, असं म्हणणार. उत्तमरावांनी जन्मभर बिनकामाच्या थापा मारल्या होत्या. एक तरी कामाची मारायला काय हरकत होती?

आधी त्यांनी खरं तेवढं सांगितलं, कारण ते सांगताना छाती भरून येत होती. शालूबाई शाळेच्या पटांगणात शिरली नाही. नव्या कोऱ्या कनातीला धरून बाहेर उभी राहिली. आत पुष्पांजली बोलत होती. हातात कागद नव्हता. घरात जसं बोलते तसंच बोलत होती. फाट्यावर एसटी थांबत नाही म्हणून दहावीनंतर पोरी घरी बसतात, आणि घरी बसली की तिचं लग्न उरकतात, असं ती सांगत होती. “मी सासरी आली तवा माझी बारावी राह्यली होती,” ती म्हणाली. “आत्याबाईनं मले फाट्यापर्यंत पायी सोडलं, परीक्षा होईपर्यंत. सगळ्याच पोरीइले अशी सासू भेटत नाही. म्हणून एसटी पाह्यजे.”

“असं म्हटलं तिनं?” गजेंद्र म्हणाला.

“माय बाहेर उभी हाय, हे तिले मालूम नव्हतं,” गोवऱ्यांपाशी बसलेला गणेश म्हणाला. “मी तिच्या बाजूले होतो. तिले काहीच मालूम नव्हतं.”

फकीर मोहम्मदनं रुमालानं डोळे पुसले आणि धूर फार होतो म्हणाला.

“मंग?” गजेंद्र म्हणाला.

“मंग काय,” उत्तमराव म्हणाले आणि सरसावले. “तेवढ्यात पोरीची नजर गेली बाहेर. माइक टाकून देल्ला! पायऱ्या पाह्यल्या नाही, स्टेजवरून सरळ उडी मारली. हरणी जशी बांधावरून मारते. लोक दोन बाजूले सरकले. आली धावत, अन् सगळ्या गावासमोर सासूच्या पायावर डोकं ठेवलं. उठवली तरी उठेना. डोळ्यातून असं पाणी, असं पाणी, का नाल्याले पूर आला अन् पलीकडचे पलीकडंच राह्यले. म्हणून तुले दिसलं नाही! वहिनीचा शब्द राह्यला, गजेंद्रा. सांग भाऊकीले.”

गणेशनं मान खाली घातली. फकीर मोहम्मद आंब्याची पानं मोजायला लागला. गजेंद्रनं वळून विहिरीकडं पाहिलं, आणि उत्तमरावांच्या लक्षात आलं की वारं कधीच फिरलेलं होतं.

पुष्पांजली परात घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हळूच मान हलवली, हो म्हणावं तशी. सासऱ्याची थाप तिनं आपल्या अंगावर घेतली.

तिच्यामागून शालूबाई आली. हातात वरणाचा पळा होता.

“खोटं!” ती म्हणाली.

“गणेशची माय, तू वरणाकडं पाह्य, लागून जाईल...”

“लागू द्या. काऊन खोटं बोलता हो? पोरगी कुठी उतरली खाली? मी चढली वर. त्या फळ्याइच्या पायऱ्या अशा हालत होत्या, गणेशनं हात धरला. ती वाकाले लागली, तं म्याच तिले वाकू नाही देलं. पदर धरला तिचा, अन् नारळ घातला ओटीत. सगळ्यांसमोर.” तिनं पळा गजेंद्रकडं रोखला. “अन् तू, भाऊजी, जाय. सांग ज्याले सांगायचं त्याले. शालूबाई आपल्या पायानं सुनेच्या स्टेजवर गेली म्हणा. देल्ता शब्द म्या, अन् मीच वापस घेतला. माझाच होता ना? तुमच्या कोणाच्या घरून आणला होता?”

विहिरीकडून मंजुश्रीचं हसू ऐकू आलं. पुष्पांजलीनं परात खाली ठेवली. गजेंद्रनं ताट पुढं केलं.

शालूबाईनं त्याला वरण वाढलं. मग नवऱ्याकडं वळली.

“अन् मांडव बसला म्हणे! मांडव कुठी बसला? मी उभी राह्यली तवा बसले होते तुम्ही, खुर्चीच्या खाली, माझा पदर ओढत. ‘बस व खाली, बस, लोक पाहून राह्यले!’”